हिरामण सर गेले!

"पाचच्या आत उत्तर पोचलं म्हणून समज! हिरामण सर आहेत ना!"

रविवारी दुपारी मृणालीने चहाचा कप टेबलावर असा ठेवला, की जणू कॅनडाचं अख्खं मंत्रिमंडळ तिचं पत्र वाचायला चष्मे पुसून बसलं होतं. तिचा नवरा भाविक कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर. दिवसभर ट्रक मोजणारा माणूस. त्याचा विश्वास शब्दांवर कमी आणि नगांवर जास्त.

"सर पाच दिवस ऑनलाइन नाहीत," तो म्हणाला. "तुझ्या मेसेजला तीन दिवसांपासून एकच टिक आहे."

मृणाली नर्स होती. कॅनडाच्या फाईलचं सगळं जमलं होतं, अडलं होतं ते नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर मृणालिनी केसरीनाथ भोईर, नर्सिंगच्या कागदावर मृणाल के. भोईर आणि पासपोर्टवर मृणाली भाविक तरे. या तिन्ही बायका एकच आहेत का, अशी तिकडून विचारणा आली होती. समाधानकारक पत्र आज संध्याकाळी पाचच्या आत गेलं नाही तर फाईल बंद. दोन वर्षं, इंग्रजीच्या दोन परीक्षा आणि तपासणीला काढून दिलेलं रक्त, सगळं पाण्यात!

पत्राचा मजकूर सांगणार होते हिरामण सर. 'चला कॅनडा' नावाच्या ग्रुपवर अकरा हजार मराठी माणसं होती आणि त्यात अजून फूट पडली नव्हती, एवढ्यावरून सरांची योग्यता ओळखावी. कोणीही, केव्हाही प्रश्न टाकावा. सात मिनिटांत उत्तर हजर. त्यांना पाहिलं कोणीच नव्हतं. फोटोच्या जागी बर्फात बुडालेलं घर. कोणी म्हणे सर विनिपेगला असतात, कोणी म्हणे व्हिसा ऑफिसातून निवृत्त झालेत. सोमवारी त्यांनी मृणालीला लिहिलं होतं, 'घाबरू नये. उद्या सांगतो.' आणि मंगळवारपासून सर गायब!

कागद पाठवायला म्हणून त्यांनी एकदा फोन नंबर दिला होता. नंबर भारतातला होता. मृणालीला तेव्हा सरांच्या मायदेशाच्या ओढीचं कौतुकच वाटलं होतं. आता तिने तो लावला. एका म्हातारीने उचलला.

"हिरामण सर आहेत का?"

"न्हाय बाय. गेले त्ये."

"गेले? कधी?"

"मंगळवारी सकाळी."

मृणालीचा आवाज चिरकला. "आजारी होते का हो?"

"आजारी? छ्या! न्याहारी केली, पान खाल्लं न् गेले."

"जाताना... काही बोलले का?"

"बोल्ले ना! म्हणं, आता फोनची कटकट न्हाय, सुटलो एकदाचा!"

मृणालीने हुंदका गिळून पत्ता विचारला. पत्ता विनिपेगचा नव्हता. राहनाळचा होता, पाण्याच्या टाकीच्या मागे, तिच्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं! "ये हो बाय," म्हातारी म्हणाली, "मी एकटीच हाय आता."

मृणालीने ग्रुपवर तीन शब्द टाकले: 'हिरामण सर गेले.'

इथेच घोळ झाला. बाकी महाराष्ट्रात या वाक्याचा अर्थ काय होतो ते सर्वांना ठाऊक आहे. पण 'चला कॅनडा'वर 'गेला' म्हणजे विमानात बसला! पहिल्या पंधरा मिनिटांचा हिशेब भाविकने केला: जोडलेले हात दोनशे चौदा, विमानं शहाण्णव, नाचणाऱ्या बायका अकरा.

"अभिनंदन सर! पोचल्यावर आमच्यासाठीही जागा बघून ठेवा!" एकाने लिहिलं.

"सर, तिकडे फार थंडी असते. कानटोपी घेतलीत ना?"

"सर तर आधीच तिकडे होते ना? मग आता कुठे गेले?"

तेवढ्यात कल्याणच्या एका सदस्याने, ग्रुप आपण चालवावा अशी सरांची शेवटची इच्छा होती, असं जाहीर करून टाकलं!

मृणालीने पांढरा ड्रेस घातला, वाटेत फोटोला घालायला मोठा हार घेतला आणि काखोटीला फाईल मारली.

"सांत्वनाला जाताना फाईल?" भाविक म्हणाला.

"सरांचीच शिकवण आहे. मूळ कागद सोडून कुठे जायचं नाही."

राहनाळला दोन गोदामांच्या फटीत एक टुमदार घर. ओट्यावर फोन उचलणाऱ्या गोदूबाई, सरांच्या पत्नी, सुका जवळा, म्हणजे बारीक सुकट, निवडत बसल्या होत्या. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"कुंकू बघितलंस?" भाविक कुजबुजला.

"सुधारलेलं घर आहे," मृणालीने डोळे पुसले. "किती खंबीर बाई! काकू, सरांचं असं अचानक जाणं..."

"अचानक कशाला? दरवर्षी जातात."

भाविकच्या हातातून हार निसटला. "दरवर्षी?"

"हां! खारबावला, लेकीकडं. जत्रा असते ना! आवंदा फोन मीच काढून घेतला. गेल्या साली पालखी दारात आली न् म्हातारा कोना पुन्याच्या पोरीला बर्फातले बूट निवडून देत बसलेला!"

मृणालीने गोदूबाईंना अशी मिठी मारली की निम्मा जवळा ओट्याखाली गेला. सर जिवंत होते! पत्र जिवंत होतं! गोदूबाईंनी हार उचलून झटकला. "बरा आणलास. खारबावला जाताच हाव तर घेऊन जा, पालखीला व्हईल."

निघता निघता मृणालीने ग्रुपवर लिहिलं, 'सर गेले नाहीत!' लगेच उत्तर आलं, 'अरेरे! व्हिसा नाकारला का?'

ट्रकांच्या रांगेतून वाट काढत ते खारबावला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. जत्रेत आकाशपाळण्यापाशी टोपी घातलेला एक हडकुळा म्हातारा भजी खात उभा होता. गोदूबाईंनी सांगितलेल्या खुणेप्रमाणे शर्टाच्या खिशात चार पेनं.

"हिरामण सर?"

"सर कोन? मी तलाठी हापिसातला कोतवाल. रिटायर झालो."

आपण दुपारपासून वारलो आहोत हे कळल्यावर त्यांनी भजं खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "किती लोक रडले?"

"हात जोडणारे आता चारशेवर गेलेत," भाविक म्हणाला.

सरांचा चेहरा पणतीसारखा उजळला. "निरोप समारंभाला नऊ होते. त्यात चार चहा प्यायला आलेले!"

"सर, पाच वाजत आले!" मृणालीने फाईल उघडली.

सरांनी तिन्ही कागद पाहिले आणि खुदकन हसले. "हे तर सातबाऱ्याचं काम! तिकडं एकेका खातेदाराची पाच-पाच नावं असतात. लिही: मृणालिनी उर्फ मृणाल उर्फ मृणाली, माहेरची भोईर, सासरची तरे, ही एकच व्यक्ती असून तिन्ही कागद तिचेच आहेत. खाली लग्नाचा दाखला जोड."

भाविकने फोनवर त्याचं इंग्रजी केलं. पण जत्रेत रेंज कुठली! फोनवर गोल गोल फिरणारं चाक आणि पाच वाजायला दहा मिनिटं उरलेली. भाविकने वर पाहिलं. "पाळण्याच्या टोकाला मिळेल!"

"मॅडम, अकेले नहीं बैठने का," पाळणेवाला म्हणाला. "वजन बराबर करना पडता है."

मग समोर भाविक बसला, हार गळ्यात घालून, कारण ठेवायला जागाच नव्हती. पाळणा वर गेला की रेंजच्या दोन काड्या, खाली आला की शून्य. तिसऱ्या फेरीला मृणाली टोकावरून किंचाळली, "रोको!" पाळणा थांबला, डुलला, भाविकने डोळे मिटले, आणि चार छप्पन्नला पडद्यावर हिरवी खूण उमटली: आपलं उत्तर मिळालं.

"गेलं!" मृणाली वरूनच ओरडली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला खोल श्वास आला. समोर सगळी खाडी उन्हात चमकत होती आणि नवरा पांढराफटक पडला होता, तरी तो तिला फार देखणा वाटला.

खाली उतरून तिने सरांच्या पाया पडून घेतलं. "सर, तुमच्यामुळे वाचले! पण तुम्ही स्वतः का नाही गेलात हो कधी?"

"मी? माझा पासपोर्टच न्हाय. शाळेत हिरामण, आधारला हिरामन, पेन्शनीला हिरालाल. तीनदा कागद परत आले."

भाविकने हार गळ्यातून काढला. "म्हणजे हे आत्ताचं पत्र...?"

"सातबाऱ्याला लई चाललं," सर उरलेलं भजं तोंडात टाकत म्हणाले. "परदेशाला पहिलंच! तुझं मंजूर झालं की कळव हां बाय, त्याच नमुन्यानं माझं टाकून देतो."