मेहुण्यानं दुरुस्त केलेला फ्रीज

“त्यात काय आहे? जो माणूस बर्फ करू शकतो, त्याला ऊब करता येणार नाही?”

मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, छाती पुढे काढून हे जाहीर केलं. मिस्त्री म्हणजे फ्रीज दुरुस्त करणारे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. तिथे लोकांचे बिघडलेले फ्रीज दवाखान्यातल्या पेशंटसारखे भिंतीला टेकून उभे असायचे. आपल्या हातून आजवर एकही फ्रीज गरम परत गेलेला नाही, असं मिस्त्री सांगत. म्हणजे ते स्वतःच सांगत.

बायको भांडी पुसत होती. ती नुसतं “हं” म्हणाली. हल्ली ती एवढंच म्हणायची.

कारण बाईसाहेब गेल्या होत्या. बाईसाहेब म्हणजे बायकोनं पाळलेली पांढरी बदकीण. नळावर जा, कपडे वाळत घालायला जा, फाटकापर्यंत जा, बाईसाहेब आपल्या डुलत बायकोच्या मागे हजर! बायको तिच्याशी दिवसभर बोलायची आणि ती दिवसभर उत्तरं द्यायची, नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. वय झालं होतं बिचारीचं. एका दुपारी, नुकतीच अंड्यांवर बसलेली असतानाच तिनं मान टाकली. परसात लिंबाखाली तिला पुरलं. तेव्हापासून बायको चालता चालता मध्येच थांबायची, मागे वळून बघायची आणि पुढे जायची.

मिस्त्रींना ते बघवेना. समजूत घालायला शब्द लागतात आणि शब्दांच्या बाबतीत मिस्त्री पहिल्यापासून कंगाल! पण हात होते. म्हणून त्यांनी ठरवलं, बाईसाहेबांची अंडी आपण उबवायची.

दुकानातला एक जुना, एका दाराचा फ्रीज त्यांनी कामाला घेतला. कॉम्प्रेसरची वायर सोडवली, आत दोन बल्ब लावले, थर्मोस्टॅट उलटा जोडला, वाऱ्याला छोटा पंखा बसवला, खाली पाण्याची वाटी ठेवली. एवढा थाट मांडलाच आहे तर नुसत्या चार अंड्यांसाठी कशाला, म्हणून शेजारच्या खुराड्यातून कोंबडीची अंडीही आणून ठेवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारली, म्हणजे अंडं फिरवलं की कळावं. दिवसातून तीन-चार वेळा ते दार उघडून अंडी फिरवत. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायला जसा स्क्रूड्रायव्हर कानाला लावत, तसं एकेक अंडं कानाला लावून बघत.

“काय म्हणतंय?” बायकोनं एकदा विचारलं.

“अजून काही नाही. पण बिघाड वाटत नाही!”

आणि मग मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रींच्या हाताखाली काही महिने काम शिकला होता आणि मिस्त्रींच्या मते काहीच शिकला नव्हता. त्यानं जोडलेला पंखा उलटा फिरला होता, त्यानं बसवलेली घंटी दाबली की समोरच्यांच्या घरात वाजायची. तो दोन दिवसांसाठी म्हणून, न कळवता, भरदुपारी आला. मिस्त्री एका गिऱ्हाईकाच्या घरी कामाला गेलेले, बायको बाजारात गेलेली. रिकामं बसवेना म्हणून त्यानं एकेक फ्रीज उघडून पाहिला.

मिस्त्री परतले, तर हा दारातच उभा, चेहरा दिवाणखान्यातल्या झुंबरासारखा उजळलेला!

“भाऊजी, एक फ्रीज मी दुरुस्त केला! एकट्यानं!”

“कुठला?” मिस्त्रींनी हातातली हत्यारांची पिशवी खाली टाकली.

“तो कोपऱ्यातला. आतून नुसता तापला होता हो! दाराजवळचं बटण दाबलं तरी दिवा विझत नव्हता. एक नाही, दोन-दोन दिवे! कुणी गाढवानं थर्मोस्टॅट उलटा लावून ठेवला होता!”

“गाढवानं,” मिस्त्री म्हणाले.

“कॉम्प्रेसरची वायरही सुटलेली. जोडली, बटण फुल्लवर ठेवलं. अर्ध्या तासात बर्फ धरायला लागला, भाऊजी! गिऱ्हाईकाची अंडी आता महिनाभर टिकतील!”

मिस्त्रींनी झडप घालून दार उघडलं. आतून गार वाफ अंगावर आली. आयुष्यात पहिल्यांदाच मेहुण्यानं एक काम बिनचूक केलं होतं!

“अरे, ती खायची नाहीत! तुझ्या ताईच्या बाईसाहेबांची आहेत ती!”

मेहुण्याचं झुंबर फटकन विझलं. “म्हणजे... पिल्लांची?”

ओरडायला वेळ नव्हता. फ्रीज पुन्हा तापायला वेळ लागणार आणि अंडी तर हाताला गार लागत होती. “शर्ट वर कर!” मिस्त्रींनी फर्मावलं. निम्मी अंडी मेहुण्याच्या पोटाशी, निम्मी आपल्या पोटाशी, वरून बनियनची खोळ आणि त्यावर गोधडी. दोघेही भिंतीला टेकून, पाय पसरून, श्वास जपून घेत बसले.

नेमक्या तेव्हाच शाळेतल्या बाई आपला फ्रीज न्यायला आल्या.

“झाला का हो माझा?”

“झालाय बाई. पण मला उठता येणार नाही.”

“बरं नाही का?”

“तसं नाही.” मिस्त्रींनी गोधडी सावरली. “अंडी उबवतोय.”

बाईंनी मेहुण्याकडे पाहिलं. “मीही,” तो अपराधी आवाजात म्हणाला. बाई पाठ न दाखवता, हळूहळू मागे सरकत गेल्या.

बाजारातून आलेल्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. मिस्त्रींना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

फ्रीज पुन्हा गाढवाच्या पद्धतीनं जोडला गेला. मेहुण्यानं जाण्याचं नावच काढलं नाही. तो फ्रीजच्या दाराशी स्टूल टाकून पहारेकऱ्यासारखा बसू लागला आणि कुणी नुसतं शिंकलं तरी दचकू लागला.

काही दिवसांनी कोंबडीची अंडी तडकली. एक, दोन, मग भराभर! पिवळी, ओली पिल्लं बाहेर पडली, वाळली आणि तडक दाण्यांच्या मागे लागली. मेहुणा नाचला. मिस्त्रींना मात्र हसू येईना. बाईसाहेबांची चारही अंडी दगडासारखी पडून होती. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. एकही हललं नाही. बदकांना गारठा बाधला, असं म्हणत मेहुणा ढसाढसा रडला. त्याच्यावर चिडायचं ठरवून बसलेल्या मिस्त्रींना त्याचीच पाठ थोपटावी लागली.

शेवटी मिस्त्रींनी अंडी टॉवेलात गुंडाळली आणि फावडं घेऊन ते लिंबाखाली गेले. आईशेजारीच ठेवावीत, एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं. डोळे भरून आल्यामुळे त्यांना खड्डा कुठे खणायचा तेच दिसेना.

“अहो! काय करताय?” स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको ओरडली.

“पुरतोय गं. नाही जमलं मला.”

“जिवंत अंडी पुरताय? कोंबडीपेक्षा बदकाला आठवडाभर जास्त लागतो! आणा ती इकडे!”

मिस्त्रींच्या हातातून फावडं गळून पडलं. “मग आधी का नाही सांगितलंस?”

“विचारलंत कुठे? तुम्हाला सगळं येत होतं ना!”

इतक्या दिवसांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. मिस्त्रींना ते बोलणंसुद्धा गोड लागलं.

त्यानंतर कारभार बायकोच्या हातात गेला. ती बोटं पाण्यात बुडवून अंड्यांवरून फिरवायची. “ती टबात डुंबून तशीच ओली येऊन बसायची ना,” ती म्हणायची आणि अंड्यांना कायबाय सांगत राहायची. एका सकाळी मिस्त्रींनी अंडं कानाला लावलं, तर आतून कुणीतरी बारीक आवाजात उत्तर देत होतं. त्यांनी ते तिच्या कानाला लावलं.

आता एकच गोष्ट महत्त्वाची होती. बदकाचं पिल्लू डोळे उघडून पहिल्यांदा जे हलताना बघतं, त्याच्याच मागे जातं. ते पहिलं दर्शन बायकोचं व्हायला हवं! मिस्त्रींनी तिला फ्रीजसमोर बसवलं, मेहुण्याला परसात हाकललं. कवचं फुटली, पिल्लं निघाली, वाळू लागली. बायको त्यांच्यासाठी पाणी आणायला क्षणभर उठली.

“झालं का हो?” म्हणत मेहुण्यानं दारातून मुंडकं आत घातलं!

चारही पिल्लांनी माना वर केल्या.

संपलं! मेहुणा मोरीत गेला, पिल्लं मोरीत. मेहुणा झोपला, पिल्लं गादीवर. तो घाबरून पळाला की तीही चीं चीं करत पळत. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. एवढं करून बायकोच्या मागे कुणी नाही ते नाहीच!

दुसऱ्या दिवशी बायको धुतलेले कपडे घेऊन परसात निघाली. “ताई, चहा टाक ना गं,” करत मेहुणा तिच्या मागे आणि मेहुण्याच्या मागे ओळीनं चार पिल्लं, आपली डुलत! सवयीनं बायको मध्येच थांबली. मागे वळली. ही एवढी मोठी वरात बघून ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. त्यांचेही डोळे ओले झाले होते.

संध्याकाळी मेहुणा चाचरत म्हणाला, “भाऊजी, फार दिवस राहिलो. उद्या निघतो म्हणतो.”

हे शब्द ऐकायला मिस्त्री एरवी नवस बोलले असते.

“निघतोस?” ते कडाडले. “आणि ही लेकरं कुणाच्या भरवशावर टाकून जाणार?”