बटाट्याला फेस आणणारे धनविजय सर

पोरांच्या तोंडाला फेस आणणारे मास्तर पुष्कळ पाहिले. बटाट्याला फेस आणणारे एकच, बेसा भागातले आमचे शेजारी धनविजय सर.

जीवशास्त्राचे रिटायर शिक्षक. खिशात पेनाऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली. हे जखम धुवायचं औषध कच्च्या बटाट्यावर टाकलं की फसफसून पांढरा फेस येतो, उकडलेल्यावर काही होत नाही. का? तर कच्च्या बटाट्याच्या पेशींत पेरॉक्सिसोम नावाच्या इवल्याशा पिशव्या असतात. त्यांच्यातलं एन्झाइम या जहाल पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. उकडलं की एन्झाइम खलास. मला हे तोंडपाठ आहे, आणि मी कॉमर्सची!

"मायटोकॉन्ड्रियाचे सारेच भक्त. पेशीचं पॉवरहाऊस म्हणे! अन् हा बिचारा पेरॉक्सिसोम घरातलं जहर घरातच जिरवते, त्याले कोणी विचारत नाही. काहून?" सरांचा हा कायमचा सवाल. झणझणीत रस्सा ओतलेल्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "खा गा बिनधास्त. तुह्या लिव्हरमधले पेरॉक्सिसोम कामाले लागून राहिले." नवऱ्याने लगेच दुसरी प्लेट मागवली.

आमच्या वास्तुपूजनात तर कहरच. आचाऱ्याने चिरलेल्या बटाट्यांवर सरांनी चार थेंब टाकले. फेस बघून आचारी ओरडला, "जहर आहे जी भाजीत!" परातभर बटाटे फेकावे लागले. मी अशी तणतणले! पण सर त्या आचाऱ्यालाच घेऊन शिकवत बसले, आणि शिकवायची हातोटी काय सांगू, शेवटी तोच म्हणाला, "सर, थोडं औषध द्या ना, घरी पोरीले दाखवतो."

गेल्या वर्षी सरांच्या बायकोचा, काकूंचा, विसरायचा आजार बळावला. संध्याकाळ झाली की त्यांना घर परकं वाटायचं. कपड्यांची पिशवी भरून माहेरी, कन्हानला निघायच्या. तिथे आता कोणी उरलेलं नाही. सरांनी हात धरला की ओरडायच्या, "कोण आहे तू?" सारा जन्म ज्याच्यासोबत काढला त्याला! सर बाहेर दिसेनासे झाले. माझा जीव लागेना. एका संध्याकाळी वांग्याची भाजी घेऊन गेले.

काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर, पिशवी कवटाळून. समोर सर, इस्त्रीचा शर्ट खोचून शाळेत निघाल्यासारखे. टेबलावर दोन बटाटे.

"सांगा बरं बाई, कोणत्याले फेस येईन?"

काकूंनी उकडलेल्याकडे बोट दाखवलं. सरांनी थेंब टाकले. काहीच नाही. मग कच्च्यावर टाकले. फेस उसळला तशा काकू टाळ्या वाजवून हसल्या, आणि पिशवी मांडीवरून घसरली ते त्यांना कळलंही नाही.

"रोज पहिल्यांदाच पाहते वं," सर मला हळूच म्हणाले. चेहरा असा खुललेला की मला भडभडून आलं.

काकू टेबलावरचा पसारा बघत होत्या. "सर, बायको रागावत नाही का तुमच्यावर?"

"नाही जी. लय मायेची आहे."

"मग जा ना घरी. वाट पाहून राहिली असन."

"जातो जी," सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.