गंगाधर मास्तरांच्या सायकलीचे पाच अवयव

"साहेबराव, लिहून घे," नाना म्हणाले. "तपासनिसाची ओळख. नजर घारीची. कान सशाचे. नाक..."

"नाक कुनाचं लिवू?"

"नाक माझंच लिही. त्याला अख्ख्या पुणे जिल्ह्यात जोड नाही."

साहेबरावनं लिहिलं. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी हे लिहावंच लागे. मागच्या खेपेला नाक कोल्ह्याचं होतं. म्हणजे वर्षभरात नानांची प्रगतीच झाली होती.

नाना बोपर्डीकर हे धंद्यानं अर्जनवीस. भोरच्या कचेरीसमोर चिंचेखाली त्यांचं टेबल आणि टेबलावर पाटी : 'सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील. गुप्त तपास करून मिळेल.' यातला 'गुप्त' हा शब्द रस्त्यापलीकडूनही वाचता यावा म्हणून वीतभर उंच आणि तांबड्या रंगात होता. साहेबराव हा कचेरीतला शिपाई. त्याला आपल्या गावी, वेल्ह्याला बदली हवी होती. तो अर्ज नानांनी त्याला फुकट लिहून दिला होता. अर्ज मंजूर होत नव्हता, त्यामुळे उपकारही फिटत नव्हता, आणि सवड मिळेल तेव्हा साहेबराव नानांची छत्री व तपासाची वही घेऊन त्यांच्यामागून हिंडत होता.

आजचं प्रकरण मात्र साधं नव्हतं. गंगाधर मास्तरांच्या कोऱ्या सायकलीचे एकाच प्रवासात पाच अवयव चोरीला गेले होते.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. त्यांची जुनी सायकल चढावर त्यांना नेत नसे, तेच तिला नेत. दर रविवारी आंबवड्याला देवळाची चित्रं काढायला निघालेले मास्तर पोचेपर्यंत इतके दमत, की त्यांच्या चित्रातलं देऊळही धापा टाकतंय असं वाटे. म्हणून त्यांनी पुण्यातल्या मेव्हण्याला, बंडूला, पत्र घातलं : 'काही कर, पण सगळ्यात हलकी सायकल पाहा.' तेव्हापासून चार महिने मास्तरांना दुसरा विषय नव्हता. सहामाही परीक्षेत सातवीला सायकल काढायला आली, आठवीला हलकी सायकल.

शनिवारी सायकल एसटीच्या टपावरून आली. मास्तर गाडीच्या आधी दोन तास स्टँडवर हजर. ज्ञानू हमालानं पोत्यात शिवलेली ती वस्तू टपावरून एका हातानं उतरवली आणि घरापर्यंत पोचवली. आळी जमली. मास्तरांच्या पत्नी शुभाताई हळदकुंकू, नारळ घेऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी सुतळी कापली, पोतं खाली पडलं, आणि आळीनं माना पुढं काढल्या.

सायकलीला मडगार्ड नव्हतं. कॅरिअर नव्हतं. स्टँड नव्हतं, साखळीवरचं झाकण नव्हतं, घंटी नव्हती. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, आणि बसायला म्हणून करवंटीएवढं कातडं.

"लुटलं!" मास्तर खाली बसले.

"मग मी नारळ फोडू, की थांबू?" शुभाताईंनी विचारलं.

मास्तरांनी तडक नाना गाठले. नानांनी तीन प्रतींत तक्रार लिहिली, आणि तीत 'सदर इसमाखेरीज सदर सायकलीस कोणीही हात लावलेला नाही' हे वाक्य इतकं जोरात लिहिलं, की तिन्ही कागदांना भोक पडलं. सदर इसम म्हणजे ज्ञानू. सोमवारी चौकशीला पुण्याहून एसटीचे साहेब स्टँडवर आले आणि त्यांनी ज्ञानूचा पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. त्या बिल्ल्याशिवाय एसटीच्या टपावर चढायची परवानगी नाही, आणि टपावर चढल्याशिवाय ज्ञानूच्या घरी चूल नाही. साहेब चारच्या गाडीनं परत जाणार होते. तोवर तक्रार मिटली तर ठीक, नाहीतर बिल्ला पाकिटात घालून ते पुण्याला नेणार होते.

आणि आता दुपारचे तीन वाजले होते.

मास्तरांच्या पडवीत सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. मास्तर तिच्याकडे, घरात आजारी माणूस असावं तसे बघत होते. कोंडिबा लोहार हँडल सरळ करायला घण घेऊन आला होता.

"थांब!" नाना गरजले. "हँडल हा पुरावा आहे. पुराव्याला घण लावू नये."

या सबंध तपासात नानांच्या हातून झालेलं शहाणपणाचं काम ते एवढंच. पण ते त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही.

नानांनी सायकलीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. "साहेबराव, लिही. चोर पाच आहेत."

"कशावरून?"

"वस्तू पाच. एका चोराला मडगार्ड पुरे होतं. दुसऱ्याला नुसती घंटी. वाटणी चोख झालेली आहे, म्हणजे टोळी शिस्तीची."

"आन हँडल?"

"ते सहाव्याच्या वाट्याला आलं होतं. निघेना, म्हणून रागानं वाकवलं."

साहेबरावनं पाच खोडून सहा केले.

"पण नाना," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "पोतं तर शिवलेलं होतं. टाके जसेच्या तसे."

नाना हसले. हे हसू ते फक्त अडचणीत आल्यावर हसत. "म्हणजे टोळीत एक शिंपी आहे. लिही, सात."

मग त्यांनी दुसरी शक्यता मांडली. कात्रजच्या घाटात धक्के बसून पाचही वस्तू पोत्यातल्या पोत्यात निखळल्या असाव्यात. त्यावर कोंडिबानं, निखळल्या तर त्या पोत्यातच सापडायला हव्यात, असा आडमुठा मुद्दा काढला. नानांनी ती शक्यता मागं घेतली आणि कोंडिबाचं नाव संशयितांत घातलं.

"आता मूळ आरोपी," ते म्हणाले.

ज्ञानू पायरीखाली उभा होता. शेजारी त्याची आई, सरूबाई. ती स्टँडबाहेर भाजी विकायची. आज पाटी कुणाच्यातरी भरवशावर टाकून आली होती.

"ज्ञानू, तुझ्या हातगाडीला घंटी आहे. खरं की खोटं?"

"हाय की. चार वर्सं झाली."

"हमालाच्या गाडीला घंटी कशाला?"

"लोकं सरकत न्हाईत म्हनून."

"उत्तर तयारच ठेवलं होतंस!" नानांनी साहेबरावकडे विजयी नजर टाकली. "निर्दोष माणूस आधी गडबडतो."

"त्ये गडबडलं असतं तर म्हनला असता, चोर गडबडला," सरूबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही तपासात मधे बोलू नका."

"मंग कवा बोलू? बिल्ला पुन्याला ग्येल्यावर?" तिनं पदर खोचला. "मास्तर, म्या वर येऊ का? लांबून दिसंना."

मास्तरांनी मान हलवली. सरूबाई पडवीत चढली आणि सायकलीपाशी उकिडवी बसली. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघावी तशी तिनं सायकल बघितली. मागच्या चाकावरच्या नळीवरून बोट फिरवलं, खालून फिरवलं, साखळीपाशी फिरवलं. मग नानांकडे वळून म्हणाली, "ह्ये क्यारेर काय चिकटवत्यात व्हय?"

"चिकटवतील कसं? बोल्टानं आवळतात."

"मंग आवळल्याचं वळ कुठं हाईत? माजी नथ मोडली त्याला बारा वर्सं झाली. नाकाचं भोक अजून हाय. हिला तर कुठं भोक न्हाई, ओरखडा न्हाई, रंग टवका उडाल्याला न्हाई." ती उठली. "ल्यालीच न्हाई तर उतरवतंय कोन?"

कोंडिबानं खाली वाकून बघितलं आणि "आयला, खरंच की," म्हणाला. साहेबरावलाही हे आल्या आल्याच दिसलं होतं. पण वहीत त्याला स्वतःचं काही लिहायची मुभा नव्हती.

"चोरानं भोकं बुजवली," नाना म्हणाले.

"आन वर रंगबी दिला? धावत्या गाडीच्या टपावर बसून?"

नाना, टोळीत एक रंगारी वाढवावा का, या विचारात पडले.

तेवढ्यात शुभाताई आतून एक कागद घेऊन आल्या. त्याला कुंकू लागलेलं होतं. "अहो, बंडूचं हे पत्र तुम्ही वाचल्या वाचल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवलंत. पाठीमागची बाजू वाचली होती का?"

"पाठीमागं आहे?"

"पान भरून आहे."

मास्तरांनी पत्र उलटलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा सायकलीच्या रंगाचा, म्हणजे लालभडक होत गेला.

"मोठ्यानं वाचा," सरूबाई म्हणाली.

"'...ही शर्यतीची जात आहे,'" मास्तर वाचू लागले. "'मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, झाकण, घंटी यातलं हिला काही येत नाही. येत नाही म्हणूनच हलकी. हँडल जन्मतःच तसं असतं. कुणा लोहाराला सरळ करू देऊ नका. दुकानदारानं मला तीनदा बजावलं आहे, मी तुम्हाला एकदा बजावतो.'"

कोंडिबानं घण हळूच पाठीमागं नेला.

"माझ्या मनात हेच होतं," नाना म्हणाले. "साहेबराव, लिही, तपासाअंती निष्पन्न झालं की..."

"किती वाजलं?" सरूबाईनं विचारलं.

चाराला वीस मिनिटं होती. स्टँडवर चालत जायला पंचवीस लागत.

"तक्रार मागं घेण्याचा अर्ज तीन प्रतींत करावा लागेल," नाना बसकण मारत म्हणाले. "मायना..."

"येकच लिवा. आन मायना नगं."

अर्ज मास्तरांनीच लिहिला, चित्रकलेच्या जाड कागदावर दोन ओळींचा : चोरी झाली नाही, चूक माझी. खाली सही. मग त्यांनी सायकलीकडे बघितलं. अजून मुहूर्त झाला नव्हता, नारळ फुटला नव्हता, आणि तीन दिवसांत मास्तर तिच्यावर एकदाही बसले नव्हते.

"मीच जातो," ते म्हणाले आणि बसले. हँडल धरायला त्यांना इतकं खाली वाकावं लागलं, की सायकल सुरू व्हायच्या आधीच ते पुढच्या चाकावरून तुळशीपाशी उतरले. दुसऱ्या खेपेला तुळशीच्या पलीकडे उतरले.

ज्ञानूनं त्यांना उठवलं, सायकलही उचलली. "मास्तर, म्या बगू का? आमाला वाकायची सवय हाय."

मास्तरांनी गुडघ्याची माती झटकली. चार महिने त्यांनी ही सायकल मनातल्या मनात चालवली होती. भोरच्या बाजारातून, आंबवड्याच्या रस्त्यानं, एकदा तर मुख्याध्यापकांच्या अंगावरून. मग त्यांनी अर्जाची घडी ज्ञानूच्या खिशात घातली. "जा. पळव."

ज्ञानू वाकला. पाठीवर दोन मणाचं पोतं घेतो तसाच वाकला, फक्त पोतं नव्हतं. आवाज म्हणून काही झाला नाही. आळीच्या तोंडाशी लाल रंगाची एक रेघ दिसली, मग तीही दिसेना.

"आरोपी मुद्देमालासह फरार!" नाना ओरडले. "साहेबराव, लिही! लिही लवकर!"

साहेबरावनं पेन्सिल जिभेला लावली आणि वही मिटली.

चार वाजले. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. सरूबाई पायरीवर बसून होती, हात मांडीवर, नजर रस्त्यावर. शुभाताईंनी तिच्यापुढं चहा ठेवला, तो निवून साय धरली तरी तिनं उचलला नाही.

सव्वाचारला ज्ञानू आळीच्या तोंडाशी दिसला. चालत येत होता. दंडावर बिल्ला होता, आणि खांद्यावर सायकल.

"काय झालं?" मास्तर धावले.

"साहेबांनी कागद बगितला न् बिल्ला दिला. येताना चाकात बाबळीचा काटा मोडला. म्हनलं नवी हाय, रेटत आनाया नगं." त्यानं सायकल भिंतीला अलगद टेकवली. "लई हलकी हाय मास्तर. हमालीबी मागू वाटंना."

"माग," सरूबाई म्हणाली आणि गार झालेला चहा उचलला.