आधी नट, मग तोंड

संध्याकाळी गिऱ्हाईक वारलेल्या वडिलांची गाडी घेऊन जाणार होतं आणि त्याआधी आईला एक चक्कर हवी होती. "त्यांच्या शेजारच्या सीटवर एकदा बसू दे रे, मग खुशाल वीक," एवढंच तिचं म्हणणं. पण गाडी सुरू व्हायची, थांबायची मात्र नाही. ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता.

वडील मेकॅनिक, चिरंजीव कारकून! तरी वडिलांची हत्यारं घरात होती आणि लहानपणी पाहिलेलं आठवत होतं. नट पाइपवर ओवायचा, मग पाइपचं टोक दाबून फुलवायचं, म्हणजे नट निसटत नाही. आधीच फुलवलं तर नट आत जातच नाही. "आधी नट, मग तोंड!" म्हणत वडील टपली मारायचे. त्या टपलीची आज त्याला फार आठवण येत होती.

नव्या पाइपची दोन्ही टोकं झकास फुलली. त्याने बायकोला हाक मारली. "बघ, याला म्हणतात बापाचा हात!"

"छान. मग हा नट कुणाचा?" तिने बाकावरून उचलून विचारलं.

टोक कापलं. पुन्हा फुलवलं, तर घाईत नट उलटा ओवलेला. पुन्हा कापलं. या खेपेस सगळं जमलं, पण पाइप चार बोटं तोकडा पडला. रविवार, दुकानं बंद.

"आता हो?" बायकोने विचारलं.

"आता काय, डोंबल!" तो पायरीवर बसला. "आई, बाबांचा असा पचका कधी झाला नसता गं." त्याला खरंच रडू येत होतं.

"तो जुना पाइप आण," आई म्हणाली. "पूस. मधे बघ."

ग्रीसखाली दोन तुकडे सांधणारा पितळेचा जोड निघाला.

"तेही एकदा नट विसरले होते. कापून कापून तोकडा केला आणि जोड लावून भागवलं. वर मला म्हणाले, 'पोराला सांगू नकोस, माझ्या टपलीला किंमत राहायची नाही.'"

तो पोट धरून हसला. मग तोच जोड काढला, नव्या पाइपचा उरलेला तुकडा घेतला. नट आईने मुठीत धरले. दर टोकाला आधी नट द्यायची, मग टपली.

तेल भरून, हवा काढून गाडी निघाली. कोपऱ्यावर ब्रेक लागला तेव्हा आईने शेजारी पाहिलं आणि डोळे पुसले.

परतले तर दारात गिऱ्हाईक उभंच होतं. गाडीखाली वाकून पाहत म्हणालं, "अहो, नव्या पाइपला जोड?"

"आमच्या घराण्याची पद्धत आहे," त्याने ऐटीत सांगितलं.