आराखडे सरांची बढती

आराखडे सर वरच्या जागी गेले, तर विभागप्रमुखांच्या पदरात काय पडणार होतं? ना पगार वाढणार होता, ना मान. मिळणार होता तो दुपारी दोनचा तास. लोकप्रशासन विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत पहिल्या वर्षाच्या मुलांना सरकार म्हणजे काय ते सांगायचा हा तास त्यांनी नोकरीला लागल्यापासून जपला होता. मुलं जेवून आलेली असत, तरी जागी राहत. मधूनच कुणीतरी आडवा प्रश्न विचारी आणि तासाला रंग चढे. निवृत्तीपर्यंत एवढा तास हाती राहिला, तर विभागप्रमुखांची जगाबद्दल काही तक्रार नव्हती.

आड येत होते ते आराखडे सर. हे नाव मुलांनी ठेवलेलं. माणूस निर्मळ होता. कुणाची चहाडी नाही, कुणाचा हेवा नाही. फक्त एखादी गोष्ट सुरळीत चाललेली दिसली की त्यांना चैन पडत नसे. ते तिच्या पुनर्रचनेचा आराखडा मांडायला उठत, आणि एकदा उठले की बसत नसत. "थोडक्यात सांगतो," असं ते म्हणाले की अनुभवी सहकारी चष्मा काढून खिशात ठेवत. दुपारच्या जेवणानंतर सुरू झालेली बैठक दोनचा तास गिळून संध्याकाळपर्यंत चाले. त्यात त्या वर्षी त्यांनी वेळापत्रकाचाच आराखडा आणला. दोनचा तास भल्या पहाटे गेला होता. कारण : विद्यार्थ्यांची ग्रहणशक्ती तेव्हा ताजी असते.

विरोध करायची सोय नव्हती. विरोधाला उत्तर द्यायला ते पुन्हा उठले असते.

"अहो, मग त्यांना वर पाठवा ना," विभागप्रमुखांच्या बायकोनं सुचवलं. ती शाळेत शिक्षिका होती आणि व्यवस्थापनशास्त्र तिला न शिकता येत होतं.

"वर म्हणजे?"

"बढतीवर. तुम्हाला काय वाटलं? आमच्या मुख्याध्यापिका अशाच झाल्या. वर्गात कुणाला नको होत्या."

विद्यापीठाच्या नियोजन मंडळावर एक जागा रिकामीच होती. विभागप्रमुखांनी आराखडे सरांची शिफारस केली आणि निरोप समारंभात म्हणाले, "सरांची दृष्टी एका विभागात मावणारी नाही. त्यांच्या जाण्यानं होणारी पोकळी आम्ही कधीही भरून काढणार नाही." सहकाऱ्यांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की आराखडे सरांचे डोळे भरून आले. भाषणात खोटं एक अक्षर नव्हतं. निरोपाच्या भाषणाचा अर्थ कसा लावायचा, हे विद्यापीठातल्या शिपायालासुद्धा ठाऊक असतं. बाहेरच्यांना नसतं, ही गोष्ट तेवढी विभागप्रमुखांच्या ध्यानात आली नाही.

दोनचा तास एक सत्र सुखात गेला. मग कुलगुरूंनी बोलावून घेतलं.

"सर, हे काय पाठवलंत माझ्याकडे?" कुलगुरूंचा आवाज बसला होता. "सगळ्या विद्यापीठाचं वेळापत्रक पहाटे नेतायत. रसायनशास्त्रवाले कंदील मागतायत."

"माझा दोनचा तास?"

"सगळ्यांचेच तास. तुम्हीच म्हणालात ना, दृष्टी मावत नाही?"

"इथेही मावत नसेल," विभागप्रमुख जपून म्हणाले.

कुलगुरूंनी शिफारशीसाठी कोरा कागद पुढे ओढला. दोघेही शिकलेले होते. जास्त बोलावं लागलं नाही. पुढच्याच महिन्यात आराखडे सर सरकारच्या शिक्षण आयोगावर गेले. कुलगुरूंनी निरोपाचं भाषण विभागप्रमुखांकडून मागवून घेतलं आणि 'विभाग' खोडून तिथे 'विद्यापीठ' घातलं.

आयोगानं त्यांना वर्षभर सोसलं आणि त्याच भाषणासह सत्ताधारी पक्षाच्या हवाली केलं. पक्षाला निवडणुकीसाठी एक विद्वान चेहरा हवाच होता. सर निवडून आले. त्यांचं बोलणं मतदारांनी ऐकलंच नव्हतं. त्यांच्याविषयी लोक काय बोलतात तेवढं ऐकलं होतं.

"मत कुणाला दिलंत?" मतदानाच्या दिवशी बायकोनं विचारलं होतं.

"त्यांनाच. आणि शेजारच्यांनाही सांगितलं."

"वेळापत्रकाचं काय झालं ते विसरलात?"

"विसरलो नाही. म्हणूनच. त्यांनी राजीनामा दिलेला नाही, ते प्रतिनियुक्तीवर आहेत. पडले तर नियमानं परत विभागात येतील."

हा नियम एका वार्ताहराला ठाऊक नव्हता. त्यानं दूरदर्शनवर विभागप्रमुखांना विचारलं, "यांची गुणवत्ता सर्वांत आधी तुम्ही ओळखलीत?"

"हो," विभागप्रमुख खिन्नपणे म्हणाले, "सर्वांत आधी मीच." त्या खिन्नपणाला देशानं विनय मानलं.

पुढे पक्षात सर्वोच्च पदावरून दोन तट पडले. कुणी मागे हटेना. वाटाघाटींच्या बैठकीत आराखडे सर तोडगा सुचवायला म्हणून उठले. रात्र सरली, सकाळचा चहा आला, तरी तोडग्याची पार्श्वभूमीच चालू होती. अखेर दोन्ही तटांचे पुढारी व्हरांड्यात भेटले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. या माणसाला खाली बसवायला देशात आता एकच खुर्ची शिल्लक होती. ती देण्यात आली.

आराखडे सर उपकार विसरणारे नव्हते. देशाच्या प्रमुखपदी येताच त्यांनी शिक्षणाची पुनर्रचना जाहीर केली. देशातल्या प्रत्येक वर्गानं रोज एक तास एकाच शिक्षकाला पडद्यावर ऐकायचं. शिक्षक कोण असावा, यासाठी समिती नेमली गेली आणि तिनं योग्य ती व्यक्ती निवडली : खुद्द आराखडे सर. वेळ मात्र सरांनी स्वतः ठरवली. आपल्या लाडक्या विभागप्रमुखांच्या गौरवार्थ, दुपारी दोन.

त्या संध्याकाळी विभागप्रमुखांच्या दिवाणखान्यात कुलगुरू आणि पक्षाचे चिटणीस एकाच बाकड्यावर येऊन बसले.

"सर, तुमचा यात हातखंडा आहे," चिटणीस म्हणाले. "काहीतरी करून आणखी वर पाठवा."

"याच्या वर काय आहे?"

"जागतिक परिषद आहे की," चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली.

भाषण तयारच होतं. 'विद्यापीठ' खोडून 'देश' घातलं आणि धाडून दिलं. उत्तर लवकर आलं, आणि मोठं अदबशीर होतं. अशाच असामान्य व्यक्तींच्या, जवळपास याच शब्दांतल्या शिफारशी बहुतेक सर्व सदस्य देशांकडून आल्या आहेत. त्या सर्वांना सामावून घेतल्यामुळे परिषदेची बैठक गेल्या वर्षी सुरू झाली ती अजून संपलेली नाही. तरी आमच्याकडचे एकदोन आपल्याला घेता येतील का, ते कळवावं.

विभागप्रमुख आता दोनला कोपऱ्यातल्या खोलीत जातात, पडदा सुरू करतात, हजेरी घेतात आणि मागच्या बाकावर बसतात. प्रश्न विचारायची सोय पडद्याला नाही. जी बैठक टाळण्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला, ती आता रोज भरते आणि तिला देशभरची मुलं हजर असतात.

तेव्हा कुणी काय किंमत मोजली? विभागप्रमुखांचा तास गेला. कुलगुरूंचा आवाज गेला. पक्षाचा ताबा गेला. मुलांचं काय गेलं ते त्यांना कळणार नाही, कारण ते सांगायचा तासच उरला नाही. आराखडे सरांचं काहीही गेलं नाही. ते आजही तितकेच निर्मळ आहेत.

राहता राहिलात तुम्ही. हे वाचताना तुमच्या कचेरीतला किंवा सोसायटीतला एक माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आलाच असेल. त्याला वर पाठवताना तुम्ही भाषण केलं नसेल, टाळ्या तर वाजवल्यातच. तो सध्या कुठवर पोचलाय, तेवढं एकदा बघून घ्या.