देश साडेचारशे मीटर सरकला

फुमिएबाईंचं पत्र दोन ओळींचं होतं. "रविवारी अकरापर्यंत कानाझावाला ताईकडे या, बोलू. नाही आलात तर उत्तर कळलं असं समजेन आणि कागद महापालिकेत देऊन टाकेन."

कागद म्हणजे घटस्फोटाचा; जपानात तो भरून महापालिकेत दिला की झालं, कोर्ट लागत नाही. तो ओगुरीसाहेबांनी चार महिन्यांपूर्वीच भरून दिला होता. रागाच्या भरात, पण बाईंनी चुकवलेली तारीख दुरुस्त करून आणि सहीचा शिक्का चौकटीच्या बरोबर मध्यावर मारून. घर सोडताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "कधीच न चुकणाऱ्या माणसाबरोबर फार दमायला होतं."

चार महिने स्वतःच्या हातचा भात खाल्ल्यावर साहेबांचा राग उतरला. आता त्यांना बायको परत हवी होती.

साहेबांची छत्तीस वर्षं सरकारी भूमापनात गेली. ते डोंगराची उंची सांगायचे आणि डोंगर ती निमूटपणे मान्य करायचा, असं खात्यात अजून बोलतात. असा माणूस रस्ता कोणाला विचारणार? मेहुणीशी कधी पटलं नव्हतं, त्यामुळे कानाझावा त्यांनी पाहिलेलं नव्हतं. घरातल्या जुन्या नकाशावर भिंग धरून त्यांनी मेहुणीच्या गल्लीचे अक्षांश-रेखांश काढले, हातातल्या जीपीएस यंत्रात भरले आणि सकाळची पहिली गाडी पकडली.

स्टेशनवर माहितीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "कुठे जायचंय काका? नकाशा देऊ?"

"ठेव तुझ्याकडे. पर्यटकांना लागतो."

दहा पस्तीसला यंत्र पीं-पीं वाजलं. समोर एक आजी अंगण झाडत होत्या.

"कोणाकडे जायचंय?"

"मी पोचलोय," साहेब म्हणाले. "पत्त्यातला तिसरा विभाग हाच."

"पाचवा. तो बघा खांबावर विभागाचा पत्रा."

"पत्रा चुकीच्या खांबावर ठोकलाय."

"बरं बाबा. आणि माझं घर?"

"किती वर्षं राहताय इथे?"

"लग्न होऊन आले त्याला त्रेपन्न झाली."

"मग त्रेपन्न वर्षं चुकीच्या जागी राहताय."

आजींनी झाडू भिंतीला टेकवला. "असं मलाही अधूनमधून वाटतं. पण ते ह्यांच्यामुळे."

साहेब गल्लीतल्या प्रत्येक दारावरची नावाची पाटी वाचत सुटले. मियोशी हे मेहुणीचं आडनाव कुठेच नव्हतं. तिसऱ्या फेरीला सायकलवरचा पोलीस थांबला.

"काही शोधताय का काका?"

"तपासतोय."

"काय?"

"तुमचं शहर."

पोलिसाने वहीत नाव-गाव लिहून घेतलं, त्यात दहा मिनिटं गेली. अकराला सहा मिनिटं होती. साहेब पुन्हा आजींसमोर उभे राहिले आणि यंत्र त्यांच्या नाकाशी धरलं.

"हे उपग्रहावर चालतं, आजी. खांबावर नाही. दोन वर्षांपूर्वी सरकारने अक्षांश-रेखांशाची जुनी मोजणी मोडीत काढली आणि जगाची नवी घेतली. कागदावरचा अख्खा देश साडेचारशे मीटर सरकला. आमच्या जिल्ह्याचं काम मी स्वतः केलंय. आता एखादा मूर्ख जुन्या नकाशावरचे आकडे नव्या यंत्रात भरेल, तर तो साडेचारशे मीटर आग्नेयेला जाऊन..."

साहेबांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"माशी जाईल," आजी म्हणाल्या. "नाव सांगितलं असतंत तर मघाशीच..."

पण साहेब वायव्येला पळत सुटले होते. सरळ रेषेत. किल्ल्याभोवतीच्या त्या गावात सरळ गल्ली औषधालाही नाही, म्हणून रेषा जिथून जाईल तिथून साहेब गेले. टोफूवाल्याच्या पुढच्या दारातून मागच्या दारात, तिथून एका देवळाची भिंत चढून थेट तळ्यात. पुजाऱ्याने मंत्र थांबवला नाही, पण वेग वाढवला म्हणतात.

अकरा वाजून आठ मिनिटांनी ते मेहुणीच्या फाटकाशी पोचले. फुमिएबाई चपला घालून, तो कागद ठेवलेली पिशवी काखेत मारून निघालेल्याच होत्या. नवऱ्याच्या विजारीला शेवाळ होतं, एक बूट नव्हता. बाई बघतच राहिल्या. मग, लेकराचं पहिलं पाऊल बघावं तसा त्यांचा चेहरा उजळला.

"उशीर झाला तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, वाट चुकलात?"

आवाजात चक्क लाड होता. दाराआड मेहुणीने श्वास रोखला. एका अक्षराचं काम होतं. "हो" म्हणायचं, आत जायचं, चहा घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीने दोघांनी घरी.

"मी नाही चुकलो," साहेब धापा टाकत म्हणाले. "देश सरकला."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. जुनी मोजणी, नवी मोजणी, पृथ्वीचा आकार. पत्राच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. गेली अडतीस वर्षं त्या हेच म्हणत होत्या.

मग त्या रस्त्यावर आल्या. चार महिने झाले तरी गाव त्यांनाही नवीनच. समोरून मुळ्यांची जुडी घेऊन एक म्हातारा येत होता.

"दादा, महापालिका कुठे हो? रविवारीही एक खिडकी उघडी असते म्हणे."

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "या बाजूलाच असावी. चला, कोपऱ्यापर्यंत येतो. नसली तर पुढे विचारू कोणाला तरी."

बाई कशाला तरी खळखळून हसल्या. दोघं बोलत बोलत निघाली.

साहेबांनी यंत्रात पाहिलं. महापालिका बरोबर उलट्या बाजूला होती. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.