मस्तीखोर पोराचं पुस्तक

बावतीसकाका मुलांचं पुस्तक विकत घेताना आधी चित्रातल्या पोराचे गुडघे बघायचे. नाव नाही, किंमत नाही, गुडघे. दुकानात चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांशी न्यायचे आणि निकाल द्यायचे, "नापास! पोरगा काळा आणि गुडघे लोण्यासारखे? हा जन्मात कधी पडलेला दिसत नाही."

मी मेलबर्नला शिकायला आलो तेव्हा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला होता. खोली मिळणं कठीण. पॉइंट कुक या उपनगरात काकांनी मला त्यांच्या घरातली एक दिली. कारण काय, तर पुण्याचा असूनही मी त्यांच्या वसईच्या मराठीला हसलो नाही. काका रिटायर्ड बॉयलर इंजिनिअर. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रॉनी पार तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला, सोन्याच्या खाणीवर इंजिनिअर. त्याचा फोन यायचा ख्रिसमसला, तोही हवापाण्यापुरता.

पुस्तकं असायची ती शेजारच्या जोसेफसाठी. सात वर्षांचा, सुदानहून आलेल्या मेरीचा मुलगा. मेरी आणि काका एकाच चर्चला जायचे. ती नर्सिंग होममध्ये दुपारच्या शिफ्टला गेली की शाळा सुटल्यावर जोसेफ आमच्याकडे. दोघं सोफ्यावर बसून बिस्किटांचा पुडा संपवत वाचायचे, आणि चुरा मी झाडायचो.

एके दिवशी जोसेफने बिस्किटाला हात लावला नाही. शाळेत बुक वीक होता. त्यात सगळी पोरं गोष्टीतल्या कुणाचे तरी कपडे घालून मिरवतात. याला तलवारवाला सरदार व्हायचं होतं. पण वर्गातला लियम म्हणाला, "तुला नाही होता येणार, मेट. पुस्तकात काळे सरदार नसतात."

"आय अ‍ॅम नॉट गोइंग," जोसेफ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोसेफ शाळेत असताना काकांनी मला उठवलं, गाडीत कोंबलं आणि थेट पुस्तकांच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, काळ्या मुलाच्या गोष्टी दाखवा. बाईंनी मोठ्या आदराने तीन पुस्तकं आणली. एकात दुष्काळ, एकात गुलामगिरी, एकात कुणा थोर पुढाऱ्याचं बालपण.

काका मला म्हणाले, "बघ. हा सोसतोय. हा पण सोसतोय. आणि याचा तर शेवटच्या पानावर पुतळाच झाला! अरे, सात वर्षांच्या पोराने पुतळा व्हायचं?" मग बाईंकडे वळून दणदणीत आवाजात, "नो सफरिंग, मॅडम! ओन्ली नॉनसेन्स!"

"नो वरीज," म्हणत बाई आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मला वाटलं, पोलिसांना फोन करताहेत. पण आल्या त्या एक पातळ पुस्तक घेऊन. पिवळे गमबूट घातलेला एक काळा मुलगा, त्याची कोंबडी पळून बसमध्ये चढते, आणि तो गावभर तिच्यामागे. बस्स, एवढीच गोष्ट. काकांनी गुडघे तपासले. एकावर खपली होती.

"पास!" काका असे ओरडले की सगळं दुकान वळून बघू लागलं.

कोंबडी ड्रायव्हरच्या टोपीवर शिटते त्या पानावर दुपारी जोसेफ हसून सोफ्यावरून खाली पडला. मग एकदम गंभीर झाला. "पण कोंबडी कोण होणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं लेक्चर आहे," मी म्हणालो.

शेवटी काकाच कोंबडी झाले. पांढरी चादर, डोक्यावर लाल मोजा, पायांत भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे. आणि लेक्चर माझं बुडालंच, कारण पंखांमुळे काकांना स्टीअरिंग धरता येईना.

शाळेच्या मैदानात काका पक्‌पक्‌ करत जे सुटले! मागे गमबूट वाजवत जोसेफ. मिरवणूक राहिली बाजूला. सरदार, पऱ्या, चाचे, सगळे कोंबडीमागे. मी ओरडलो, "काका, थांबा, दम लागेल!" तर पळता पळता म्हणतात, "कोंबडी लगेच सापडली तर गोष्ट कशी होणार?"

तलवार टाकून लियम धापा टाकत जोसेफपाशी आला. "मी बसचा ड्रायव्हर होऊ?"

जोसेफने जरा विचार केला आणि परवानगी दिली.

घरी आल्यावर काका चादरीतच स्वयंपाकघरात बसले. मी चहा केला. त्यांनी डोक्यावरचा लाल मोजा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "रॉनी माझ्यावर गेलाय. काळा. लहानपणी त्याला मी उन्हात खेळू दिलं नाही. आणखी काळा पडेल म्हणून. खिडकीत बसून दुसऱ्या पोरांचा खेळ बघायचा."



काकांनी ड्रॉवरमधून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत काढली आणि खाकी कागदात बांधायला घेतली. वर कालगुर्लीचा पत्ता लिहिला.

"काय सांगता! रॉनीला मूल झालं?"

"छे रे. लग्न कुठे केलंय त्याने?"

"मग हे कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच," काका म्हणाले, आणि मान खाली घालून चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत राहिले.